आधी जखम, मग घर

राज्यभरातून ड्युट्यांची अदलाबदल करून इथे आलेल्या माझ्या परिचारिका भगिनींनो आणि बंधूंनो,

अध्यक्ष म्हणून आज एकाच विषयावर बोलणार आहे. गरीब घरातलं मूल आपल्या वॉर्डात येतं. त्याच्यावर घरातच अत्याचार होत असेल, तर तो आपण कसा ओळखायचा?

आपल्याकडून दोन उलट दिशांनी चूक होते. आईची विटकी साडी आणि बापाच्या तोंडाला येणारा वास बघून आपण मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो. नाहीतर ‘या वस्तीत मुलं मार खातातच’ म्हणत पाठीवरच्या वळांवर मलम लावतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. दोन्ही वेळा आपण घर बघितलेलं असतं, जखम बघायची राहून जाते.

तिसरी चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. नीटनेटक्या कपड्यातले, इंग्रजी बोलणारे आईवडील आले की प्रश्न विचारायला जीभ कचरते. १९९९ साली अमेरिकेत कॅरोल जेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाणीमुळे डोक्याला इजा झालेल्या १७३ लहान मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या ५४ मुलांचं खरं निदान पहिल्या तपासणीत निसटलं होतं. गोऱ्या आणि आईवडील एकत्र राहत असलेल्या कुटुंबांत ते जास्त वेळा निसटलं होतं. त्याआधी, १९६२ साली, डेन्व्हरच्या हेन्री केंप यांनी मारहाण झालेल्या मुलांवरचा आपला गाजलेला लेख लिहिला. असं शिकल्यासवरलेल्या, सुस्थितीतल्या घरांतही घडतं, हे त्यांनी त्यातच नोंदवलं होतं. सांगितलेली हकीकत आणि अंगावरची इजा यांचा मेळ न बसणं ही मोठी खूण, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आपल्याकडे केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसला होता. एवढं प्रमाण एकट्या झोपडपट्टीचं असू शकत नाही.

म्हणून आधी जखम. जे बाळ अजून रांगत नाही, धरून उभं राहत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग यायला कारण लागतं. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर असा एकही डाग दिसला तरी डॉक्टरांना बोलवा. चार वर्षांखालच्या मुलाची छाती, पोट, पाठ, कान आणि मान नीट बघा. धावणारं मूल गुडघे, नडगी, कपाळ फोडून घेतं. कानाची पाळी आपली आपण काळीनिळी होत नाही. वरच्या ओठाच्या आतला पडदा फाटलेला दिसला, तर बाटली किंवा चमचा जबरदस्तीने कोंबला होता का, हे विचारायलाच हवं. पण आपल्या कितीतरी बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात. मुका मार चार-आठ दिवसांत रंग बदलतो, हा डाग तसाच राहतो. तो जन्माच्या वेळीच केसपेपरवर नोंदवला, तर पुढे एखाद्या आईवरचा खोटा आळ टळेल. पोषण कमी पडून मुडदूस झालेल्या मुलाचं हाड थोड्या धक्क्यानेही मोडतं. गरिबी निदानात शिरते ती अशी, आणि म्हणूनच आरोपाच्या आधी तपासण्या.

भाजलेल्या मुलांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण गळीत हंगामात ऊसपट्ट्यातल्या दवाखान्यांत ही मुलं येत राहतात. ऊसतोड मजुराच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, तोंडाशी तीन दगडांची चूल. आई पहाटेच्या अंधारात फडावर गेलेली, दीड वर्षाचं लेकरू सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्याने पातेलं ओढलं तर पाणी वरून येतं. हनुवटी, मान, छाती जास्त भाजते, खाली येईल तसा भाजलेला पट्टा निमुळता होतो आणि आजूबाजूला शिंतोड्यांचे ठिपके असतात. आता दुसरं मूल बघा. दोन्ही पाय घोट्याच्या वर सारख्याच उंचीपर्यंत भाजलेले, मोजे घातल्यासारखे. कड रेघ मारल्यासारखी, शिंतोडा एकही नाही. कधी घंगाळाच्या तळाला दाबून धरलेला कुल्ल्यांचा भाग तेवढा वाचलेला. गरम पाण्यात पाय पडलेलं मूल पाय झाडतं, ओढून घेतं. इथे त्याला कुणीतरी धरून ठेवलं होतं.

पहिल्या मुलाच्या आईला ‘एवढ्याशा पोराला टाकून गेलीस कशी?’ असं आपल्यातलंच कुणीतरी झापतं. तिने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. जोडीतलं एक जण थांबलं की खाडा धरला जातो. बालन्याय कायदा २०१५ च्या ७५व्या कलमातही शिक्षा आहे ती जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीला. परिस्थितीपुढे हतबल होऊन जन्मदात्यांना मूल सोडावं लागलं, तर ते जाणूनबुजून सोडलं असं धरू नये, असंही तिथे म्हटलं आहे. या आईला पोलिसांआधी हंगामी वसतिगृहाचा आणि अंगणवाडीचा पत्ता हवा. उशिरा आणलं, एवढ्यावरून संशय धरू नका. कसं आणलं ते विचारा. ट्रॅक्टर कधी मिळाला, पैसे कुणाकडून घेतले, याची उत्तरं जुळत जातात. उशीर झालाय आणि हकीकतही दर वेळी बदलतेय, तेव्हा सावध व्हा.

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याने डाग देतात, डंबा म्हणतात त्याला. त्या बाळाला इजा झालेली असते, त्याची नोंद आणि उपचार झालेच पाहिजेत. पण डाग देणाऱ्या आजीला बाळाला बरं करायचं होतं. तिला गुन्हेगार ठरवून हाकललं, तर पुढचं बाळ दवाखान्यात येणारच नाही.

डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात. आपण आठ-आठ तास तिथे असतो. सुई टोचली तरी न रडणारं मूल, एक ठरावीक नातेवाईक आला की आईच्या कुशीत तोंड लपवणारं मूल आपल्याला दिसतं. कुपोषित मूलही असंच गप्प असतं, म्हणून एका खुणेवर जाऊ नका. वडील चहाला गेले की आईशी बोला. ‘तुम्हालाही मारतात का?’ हे हळू आवाजात विचारा. ज्या घरात बाईला मार आहे, तिथे मुलंही सुरक्षित नसतात. मुलाशी बोलताना ‘बाबांनी मारलं ना?’ असं उत्तर तोंडात घालू नका. ‘इथे काय झालं, बाळा?’ एवढंच विचारा आणि जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, वेळ टाकून लिहा. डॉक्टरांनी लिहिलं नसलं तरी आपल्या नोंदीत आपण लिहायचं.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर आपल्याला निवडच नाही. पोक्सो कायदा २०१२ चं १९वं कलम नुसत्या शंकेवरही पोलिसांना कळवायला सांगतं. न कळवणाऱ्याला २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मारहाणीची शंका आली तर डॉक्टरांना सांगून एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्या, मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर फोन करा, बालकल्याण समितीला कळवा. ‘आपल्यामुळे घर मोडेल’ ही भीती मी प्रत्येक वॉर्डात ऐकते. पण मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे बालन्याय कायद्याचंच तत्त्व आहे. समिती कुटुंबाला मदतही देऊ शकते, घरावर लक्षही ठेवू शकते.

हे सगळं एकट्या सिस्टरच्या खांद्यावर टाकणं मात्र मला मान्य नाही. रात्री दोन वाजता चाळीस खाटांवर दोघी असतात आणि समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीला कुलूप असतं. म्हणून दुपारच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात रात्रपाळीलाही समाजसेवा अधीक्षक असावा. भाजलेल्या, हाड मोडलेल्या आणि मुका मार लागलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर शरीराचं चित्र छापलेलं असावं. मूल सरकारी योजनेतलं असो की खासगी खोलीतलं, परिचारिकेने त्यावर खुणा करून सही करावी आणि ती सही ग्राह्य धरली जावी. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेल्या प्रतिनिधींनी त्यावर बोलावं, दुरुस्त्या सुचवाव्यात. अनुमोदनासाठी नावं जेवणाच्या सुट्टीआधी द्या.