मराठी व्याकरणाची भीती कशाला?



आपली पुष्कळ मुले मराठीच्या तासाला गप्प बसतात. 'माझा घर' म्हटले की वर्गात हशा पिकतो आणि मुलाचे तोंड मिटते. ही चूक अडाणीपणाची नव्हे. उर्दूत मुजक्कर आणि मुअन्नस ही दोनच लिंगे. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरे. म्हणून 'मेरा घर'चे 'माझे घर' होते आणि 'मेरी किताब'चे 'माझे पुस्तक'.

बाकीचे बरेचसे तुम्हांला येतेच. इस्म म्हणजे नाम, जमीर म्हणजे सर्वनाम, सिफत म्हणजे विशेषण, फेल म्हणजे क्रियापद. अलंकारांचेही तसेच. 'मुलगा सिंहासारखा शूर आहे' ही उपमा. उर्दूत तिलाच तश्बीह म्हणतात. 'रडून रडून आसवांची नदी वाहिली' ही अतिशयोक्ती, म्हणजेच मुबालगा. नावे नवी, वस्तू घरचीच!

मित्रांनो, वहीत प्रत्येक नामाआधी तो, ती किंवा ते लिहा: तो दरवाजा, ती खिडकी, ते छप्पर. रोज पाच शब्द पुरेत. आणि पालकहो, मूल चुकले तर हसू नका. त्याला बोलू द्या. जो बोलतो त्याचीच भाषा सुधारते.