किती जणांचा स्वयंपाक?



मला विषय दिला आहे ‘जालना एमआयडीसीतली बदलती वस्ती’. भट्ट्या, रोलिंग मिल, सळई, भंगाराचे ट्रक, बियाण्यांच्या कंपन्या हे सगळं तुम्ही रोज बघता, त्यात मी वेळ घालवत नाही. मी शाळेत शिकवत होते. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना खांद्याला पिशवी अडकवून दारोदार फिरले. त्यामुळे वस्ती बदलली असं कुणी म्हटलं की माझ्या मनात एकच गोष्ट येते, आणि ती आज मी दोन-तीनदा सांगणार आहे. येत्या जनगणनेत आपल्या एमआयडीसीतला एकही माणूस मोजायचा राहू देऊ नका.

माझी आई चुलीपुढे बसण्याआधी एकदा ओसरीवर डोकावून यायची. घरचे किती, पाव्हणे किती, शेतावरनं कोण आलंय, कुणाचं लेकरू आज आपल्याकडेच जेवणार आहे. मग डब्यातनं ज्वारीचं पीठ काढायची. डोकी न मोजता पीठ काढलं तर काय होतं, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. शेवटच्या दोघांच्या ताटात अर्धी भाकरी येते, आणि पिठल्यात पाणी ओतावं लागतं. त्यात पाव्हण्यांचा दोष नसतो. पीठ काढणारीनं ओसरीवर बघितलेलं नसतं, एवढंच.

आपलं जालना आज तेच करतंय. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या घरात निघाली. दहा वर्षांपूर्वी ती २ लाख ३५ हजार होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आधी कोरोना आणि मग पुढे पुढे ढकललेली तारीख. तेव्हापासून आपलं पीठ २०११ च्या मापानं निघतंय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कुणाला किती धान्य मिळायचं याचा कोटा २०११ च्याच आकड्यांवर ठरला. पंधराव्या वित्त आयोगानंही लोकसंख्या धरली ती २०११ ची. आरोग्य केंद्र, अंगणवाडी, पाण्याची योजना, काहीही मागायला गेलं की तोच कागद पुढे येतो. आणि या मधल्या काळात समृद्धी महामार्ग आला, २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, भट्ट्या वाढल्या, चंदनझिऱ्याकडे खोल्यांवर खोल्या चढल्या. पीठ २०११ चं, जेवणारे आजचे.

आता हे जेवणारे कोण? बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा, पश्चिम बंगाल इथनं आलेले. भट्टीपुढचं काम सोपं नाही. वितळलेल्या लोखंडाच्या धगीसमोर तासन् तास उभं राहायचं असतं, आणि आपली पोरं तिथे टिकत नाहीत असं कारखानदार सांगतात. पोरं सांगतात की तेवढ्या पगारात आम्ही पुण्याला, चाकणला जाऊ. दोघांचंही मी ऐकून घेतलेलं आहे, त्या वादात आज शिरत नाही. ठेकेदार एका गावातनं दहा-वीस जण आणतो, त्यांच्या मागनं चुलतभाऊ येतो, मेव्हणा येतो. पाच-सात वर्षांनी कुणीतरी बायको-लेकरं आणतो, आणि मग ते लेकरू आपल्या शाळेत ‘अ अननसाचा’ गिरवायला लागतं. माझ्या शेवटच्या वर्गात अशी सहा लेकरं होती. त्यातल्या एकीचं मराठी अक्षर वर्गात सगळ्यांत वळणदार होतं. तिचे वडील भट्टीवर आणि आई घरी पापड लाटायची.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे मी या मोजणीच्या एवढी मागे का लागले आहे ते कळेल. २०११ चा फेब्रुवारी. ९ ते २८ तारखेपर्यंत मोजणी होती. चंदनझिऱ्याच्या माझ्या गटात पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. त्यातल्या एका खोलीला मी तीन वेळा गेले, तिन्ही वेळा बाहेरून कुलूप. मी कागदावर ‘कुलूपबंद’ असं लिहिलं आणि पुढे गेले. १ ते ५ मार्च फेरतपासणीची फेरी असते, त्या दिवसांत मला दहावीच्या परीक्षेचं काम लागलं. राहून गेलं. पावसाळ्यात त्याच गल्लीतल्या किराणा दुकानात गेले होते, तेव्हा दुकानदारीणबाई म्हणाल्या, ‘बाई, कुलूप कसलं? आत माणसं झोपलेली असायची. रात्रपाळीवाले झोपले की दिवसपाळीवाले बाहेरून कुलूप लावून जायचे, कुणी उठवू नये म्हणून.’ सहा दिवसपाळीचे, सहा रात्रपाळीचे. एका खोलीत बारा माणसं राहत होती, आणि देशाच्या हिशेबात ती खोली रिकामी गेली. बारा माणसं मी कुलपावर सोडली. त्यांच्या वाटचं पाणी, त्यांच्या वाटचं धान्य कुठल्याच कागदावर आलं नाही. मी ओसरीवर डोकावले नाही.

म्हणून प्रगणकांना, म्हणजे आता ज्या तरुण शिक्षक-शिक्षिका हे काम करणार आहेत त्यांना, मी जरा रागावूनच सांगते. सकाळी अकराला एमआयडीसीत जाऊन कुलूप बघून परत येऊ नका. पाळी सुटायच्या वेळेला जा. रविवारी जा. किराणावाल्याला विचारा, मेसवाल्याला विचारा, त्याला नेमके किती डबे जातात ते ठाऊक असतं. कारखान्याच्या आवारात ज्या लेबर खोल्या आहेत त्यांचीही जनगणनेत मोजणी होते. गेटवरच्या वॉचमननं ‘आत कुणी राहत नाही’ म्हटलं म्हणून फिरू नका.

घरमालकांनाही सांगायचं आहे. भाडेकरूंची नावं लपवू नका. कर वाढेल, चौकशी होईल, अशी भीती घालणारे भेटतात. १९४८ चा जनगणना कायदा आहे. त्याखाली एखाद्या माणसानं दिलेली माहिती गुप्त राहते, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून मागवता येत नाही. हे वाक्य खोलीतल्या पोरांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. ती म्हणतात, ‘हम तो गाँव के हैं, यहाँ के नहीं.’ बाळांनो, जनगणना तुम्ही कुठल्या गावचे एवढंच विचारत नाही, त्या दिवसांत तुम्ही कुठे राहता तेही विचारते. गावाकडे तुम्ही नसता, म्हणून तिथे मोजले जात नाही. इथे ‘आम्ही इथले नाही’ म्हणता, म्हणून इथेही नाही. मग तुम्ही आहात तरी कुठे?

यावर कुणीतरी म्हणेल, बाई, यांना मोजून आपल्या मराठीचं काय होणार? मला हा प्रश्न पटतो, आणि मी मराठीचीच शिक्षिका होते. मोजणीच्या कागदात मातृभाषेचा रकाना असतो. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलायची ती. तो मैथिली म्हणाला तर मैथिली लिहायचं, भोजपुरी म्हणाला तर भोजपुरी, ओडिया म्हणाला तर ओडिया. उत्तरेकडचा दिसतो म्हणून सरसकट हिंदी लिहिणं हा आळस आहे, तो करू नका. पण त्याच कागदावर पुढे आणखी एक प्रश्न असतो. याशिवाय कोणत्या भाषा येतात? दोन लिहायची सोय असते. तिथे घाई होते आणि रकाना कोरा राहतो. भट्टीवर आठ वर्षं काढलेला माणूस मोंढ्यात भाव करतो तो मराठीत. त्याची लेक तर घरात आईला मराठी शिकवते. तो रकाना नीट भरा. जालन्यात मराठी किती जणांपर्यंत पोचली हे त्यातनंच कळणार आहे, आणि कुठल्या शाळेत आणखी एक मराठीचा शिक्षक हवा तेही.

आणि स्थलांतरित म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर फक्त बिहारचा पोरगा का येतो? जनगणनेत विचारतात, याआधी कुठे राहत होता, का आलात? कारणांत नोकरी आहे, धंदा आहे, शिक्षण आहे, आणि लग्नही आहे. मी परतूरची, लग्न होऊन जालन्यात आले. माझ्याच हातानं मी माझ्या नावापुढे कारण ‘लग्न’ असं लिहिलं आहे. तुमच्या घरातल्या बहुतेक सुना या हिशेबानं बाहेरनं आलेल्याच निघतील. जालना तरी दुसरं काय आहे? इंग्रजांच्या छावणीत मद्रासी पलटणी होत्या. निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू. कापसाच्या पाठोपाठ मारवाडी आणि गुजराती पेढ्या आल्या. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल नावाची वस्ती वसवली. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हणसुद्धा आपण म्हणतो ती हिंदीत. या पाळण्यात झोपलेलं एकही बाळ फक्त एकाच घरचं नव्हतं.

इंग्लंडमध्ये लेस्टर नावाचं एक कारखान्यांचं शहर आहे. १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीन या हुकूमशहानं तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना हाकललं, तेव्हा त्या शहराच्या कौन्सिलनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की कृपया लेस्टरला येऊ नका. लोक आलेच. १९९१ पासून तिथल्या जनगणनेत माणसाचा वंश विचारतात. २०२१ ला त्या शहरात आशियाई वंशाचे ४३.४ टक्के आणि गोरे ४०.९ टक्के निघाले, आणि तिथली दिवाळी आज जगात नावाजलेली आहे. सगळं गोडगोड आहे असं मी म्हणत नाही, भांडणं तिथेही झाली. पण भांडायचं तरी आकडा पुढे ठेवून भांडतात. आपण एमआयडीसीत परप्रांतीय किती, यावर चहाच्या टपरीवर भांडतो. एक म्हणतो दहा हजार, दुसरा म्हणतो पन्नास हजार. दोघांपैकी एकानंही डोकी मोजलेली नसतात.

८ मे २०२० ची पहाट तुम्हाला आठवते. जालन्याच्या एका कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली माणसं रुळावरून चालत भुसावळकडे निघाली होती. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असं समजून रुळावर थकून झोपली. बदनापूर-करमाडच्या दरम्यान मालगाडीखाली १६ जण गेले. रुळावर पडलेल्या पोळ्यांचा फोटो साऱ्या देशानं बघितला. त्या दिवसांत आम्ही काही जणी धान्याचे पुडे बांधत होतो. कुठल्या गल्लीत किती पुडे न्यायचे, कुणालाच सांगता येत नव्हतं. एका खोलीसाठी पाच पुडे नेले तर आत चौदा माणसं निघायची. मला २०११ चं ते कुलूप तेव्हा पुन्हा दिसलं.

पाण्याचंही हेच. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला, त्या वेळच्या गावाला पुरेल असा. २०१२-१३ च्या दुष्काळात नळाला किती दिवसांनी पाणी यायचं ते आपण सोसलंय. आता पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं. ते किती आणायचं हे माणसांवर ठरणार, आणि माणसं कागदावर… असो, घड्याळ पुढे चाललंय.

एक फार महत्त्वाचं सांगायचं राहतंय. जालना माणसं घेतं तसं देतंही. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा इथनं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. ती माणसं घरी परततात मार्च-एप्रिलमध्ये. आणि नवीन जनगणनेत माणसांची मोजणी आहे २०२७ च्या फेब्रुवारीत, १ मार्चची मध्यरात्र धरून. म्हणजे जालन्याचा भट्टीवाला कुलपामागे झोपलेला आणि जालन्याचा ऊसतोड्या कोल्हापुरातल्या कुठल्यातरी शिवारात कोपीत, म्हणजे झोपडीत. दोघंही एकाच महिन्यात हिशेबातनं सुटू शकतात. यावर उपाय असा की साखर कारखान्याच्या हद्दीतल्या कोप्यांचा वेगळा…

बरं. समोर खूण झाली आहे, एक मिनिट उरलं. पुन्हा तेच सांगते, रागावू नका. या वेळी मोजणी मोबाइलवर आहे, स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. ज्यांच्याकडे खोल्या भाड्यानं आहेत त्यांनी एका संध्याकाळी आपल्या भाडेकरूंना बसवून ती भरून द्यावी. शिकलेल्या पोरांनी शेजारच्या खोलीची भरावी. ठेकेदारांनी पाळी सुटताना पाच मिनिटं द्यावीत. आणि प्रगणकबाईंनो, बाहेरून कुलूप दिसलं तरी कडी एकदा वाजवून बघा, आतनं ओ येते का.

ऊसतोडीवाल्यांच्या लेकरांच्या शाळेबद्दल बोलायचं होतं, ते आज राहिलं.