राखीव सर्व्हर आणि तिसरा साक्षीदार

(ट्रस्टच्या वार्षिक सभेत सूस, ता. मुळशी, जि. पुणे येथे रुग्णालयाच्या संगणक विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक अहवालात खाटा, शस्त्रक्रिया, मोफत शिबिरे यांचे उल्लेख असतात आणि ते योग्यच आहे. आमच्या विभागाचे काम मात्र नीट चालले असता कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्यामुळे काही देणगीदारांनी विचारलेला एक प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटतो. ‘नोंदींसाठी एक सर्व्हर आहे, त्याला जोड म्हणून दुसरा घेतला, आता तिसऱ्या जागेसाठी आणि सरावासाठी पुन्हा खर्च कशाला?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम या नोंदी म्हणजे काय ते सांगतो. केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांच्या मात्रा आणि वेळा, बिले हे सारे आज एका डेटाबेसमध्ये असते. मध्यरात्री बेशुद्धावस्थेत आणलेल्या जुन्या रुग्णाला पेनिसिलिन सोसत नाही, किंवा तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो, हे डॉक्टरांना त्या क्षणी कळायला हवे. शेवटचे इन्सुलिन किती वाजता दिले, हे पाळी बदलून आलेल्या सिस्टरला दिसायला हवे. डेटाबेस बंद पडला म्हणजे केवळ बिलाची रांग थांबते असे नाही. उपचार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढून रुग्णाचा पूर्वेतिहास नाहीसा होतो.

म्हणून राखीव सर्व्हर. मुख्य सर्व्हरवर जी नोंद होते तिची प्रत तत्क्षणी राखीव सर्व्हरकडे जाते. आम्ही वापरतो त्या पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये ही अखंड प्रत पाठविण्याची सोय २०१० मध्ये आली आणि पुढल्या वर्षी त्यात एक महत्त्वाची भर पडली. ‘राखीव सर्व्हरने नोंद उतरवून घेतल्याची पोच येईपर्यंत, नोंद झाली असे म्हणू नकोस,’ असे मुख्य सर्व्हरला सांगता येऊ लागले. पोचेची वाट पाहिल्याने काम किंचित मंदावते. न पाहिल्यास अपघाताच्या वेळी शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी हरवू शकतात. रुग्णालयात आम्ही पोचेची वाट पाहणे पसंत केले आहे.

तथापि प्रत ठेवणे निराळे आणि संकटसमयी त्या प्रतीने कारभार हाती घेणे निराळे. मुख्य सर्व्हर बंद पडला हे ओळखून राखीव सर्व्हरला त्याच्या जागी बसविण्याचे काम पोस्टग्रेस स्वतः करीत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था जोडावी लागते. तिला या क्षेत्रात फेलओव्हर म्हणतात आणि ती माणसाच्या हाताशिवाय घडली की आपोआप फेलओव्हर. खरी अडचण येथेच आहे. राखीव सर्व्हरला मुख्याकडून उत्तर येईनासे झाले, तर मुख्य खरोखर बंद पडला, की मधली केबल तुटली? दोनच यंत्रे असतील तर या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर दोघांपैकी एकालाही देता येत नाही. केवळ केबल तुटली असेल आणि राखीव सर्व्हरने कारभार घेतला, तर एकाच वेळी दोन मुख्य सर्व्हर नोंदी घेऊ लागतील. एकात इन्सुलिन दिल्याची नोंद, दुसऱ्यात ती नाही. अशा वेळी दुसरी मात्रा दिली जाण्याचा धोका बंद संगणकापेक्षा मोठा असतो.

आपल्या जनरेटरचे उदाहरण घ्यावे. वीज गेली की तो आपोआप सुरू होतो, पण मधला चेंजओव्हर स्विच अशा रीतीने केलेला असतो की बाहेरची वीज आणि जनरेटर एकाच वेळी एका लाइनवर येऊच शकत नाहीत. तो स्विच नसेल तर जनरेटर हाच धोका ठरेल. डेटाबेसलाही असाच स्विच लागतो आणि तो बनतो तिसऱ्या साक्षीदारामुळे.

हा साक्षीदार एक साधा, लहान संगणक असतो. त्यात रुग्णांच्या नोंदी नसतात. त्याला केवळ मत असते. दोन्ही सर्व्हर आणि हा साक्षीदार अशा तिघांपैकी दोघांचे एकमत होईल त्यालाच मुख्यपद मिळते. हे पद मुदतीचे असते. वॉर्डातील मादक औषधांच्या कपाटाची किल्ली जशी एका वेळी एकाच सिस्टरकडे असते आणि पाळीगणिक सही घेऊन पुढे जाते, तसेच हे. आम्ही बसविलेल्या पाट्रोनी या मुक्त प्रणालीत ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते आणि मुख्य सर्व्हर साधारण दर १० सेकंदांनी ती वाढवून घेतो. बहुमताशी संपर्क तुटला आणि मुदत वाढली नाही, की मुख्य सर्व्हर आपण होऊन पदावरून उतरतो, आणि मग दुसरा ते पद घेतो. ३० सेकंद हा आकडा कमी केला तर क्षणिक अडथळ्यानेही उगाच अदलाबदल होईल. फार वाढविला तर वॉर्डात सिस्टर पडद्याकडे पाहत राहील. आम्ही तो तसाच ठेवला आहे.

साक्षीदार असला तरी सारे सुटते असे नाही, हे एका परदेशी उदाहरणावरून कळते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या संगणक-प्रणाली साठविणाऱ्या सेवेच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. उरलेल्या यंत्रांनी बहुमताने मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे नेले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. परंतु पूर्वेकडे घेतलेल्या काही क्षणांच्या नोंदी पश्चिमेकडे पोहोचल्याच नव्हत्या. दोन्हीकडच्या नोंदी जुळवून सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. म्हणून आमच्याकडे नियम असा आहे की ज्या राखीव सर्व्हरकडे शेवटची नोंद पोहोचल्याची पोच आहे, त्यालाच आपोआप मुख्य होण्याचा अधिकार. तो मागे पडला असेल तर हा अधिकार आपोआप काढून घेतला जातो आणि निर्णय माणसाकडे येतो.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील सर्व व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. बाजाराने दोन वेगळ्या कंपन्यांकडून दूरसंचार जोडण्या घेतल्या होत्या. तरीही दोन्हींकडे अडथळे आले आणि जोखीम मोजणारी प्रणाली उपलब्ध राहिली नाही. चेन्नईत पर्यायी केंद्र होते, पण त्या दिवशी व्यवहार तेथे हलविले गेले नाहीत. ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले आणि ५ वाजेपर्यंत चालले. पुढल्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ घोषित करावी आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करावे, असे ठरले. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी खास सत्रे भरवून चालू व्यवहार मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्राकडे नेण्याचा सराव करण्यात आला.

या घटनेतून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. पर्यायी केंद्र असणे आणि ते वेळेवर वापरले जाणे यांमध्ये एक निर्णय असतो. तो कोणी, किती मिनिटांत घ्यायचा हे आधीच लिहून ठेवावे लागते. आणि खऱ्या कामाच्या भाराखाली सराव केल्याशिवाय पर्यायावर भरवसा ठेवता येत नाही.

आता आपल्या सूस गावाकडे वळू. जून २०२१ मध्ये सूस पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. खिंडीच्या अलीकडे-पलीकडे उभी राहणारी बांधकामे आणि रस्त्यांची खोदाई आपण रोज पाहतो. जमिनीखालची केबल अशा खोदाईत केव्हाही तुटू शकते. साक्षीदार गावाबाहेर ठेवला असता, तर केबल तुटताच तोही हरवला असता आणि नेमक्या त्याच वेळी मुख्य सर्व्हर बिघडला तर कोणालाच बहुमत मिळाले नसते. म्हणून दोन्ही सर्व्हर आणि साक्षीदार अशी तिन्ही यंत्रे आवारातच, पण तीन वेगळ्या इमारतींत, वेगळ्या बॅटरीवर आणि वेगळ्या वाटेने गेलेल्या तारांवर ठेवली आहेत. साक्षीदार मुख्य सर्व्हरच्या खोलीत, त्याच बॅटरीवर ठेवणे ही या कामातील नेहमीची चूक आहे. बॅटरी बसली की यंत्र आणि साक्षीदार एकदमच जातात.

बिघाड शोधताना आणखी कोठे पाहावे लागते, तेही थोडक्यात सांगतो. पहिले, पत्ता. सर्व्हर बदलला, पण वॉर्डातील संगणक जुन्याच दारावर थाप मारीत राहिले, तर अदलाबदल होऊनही वॉर्डाच्या दृष्टीने काम बंदच. म्हणून सर्वांना एकच सामाईक पत्ता दिला असून, जो सर्व्हर मुख्य असेल त्याकडे तो पत्ता जातो. दुसरे, साठलेल्या नोंदी. राखीव सर्व्हर बरेच दिवस बंद राहिला, तर त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या नोंदींनी मुख्य सर्व्हरची डिस्क भरते आणि आधारासाठी ठेवलेल्या यंत्रामुळे चांगले यंत्र थांबते. पोस्टग्रेसच्या २०२० च्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते. ती घालावी आणि डिस्क किती भरली याकडे रोज लक्ष ठेवावे. तिसरे, सर्व्हरवरील बारीकसारीक कामे. रात्री ठरावीक वेळी अहवाल काढणे, प्रयोगशाळेच्या यंत्राकडून निकाल घेणे अशी कामे केवळ मुख्य सर्व्हरवरच मांडलेली असतात. अदलाबदलीनंतर ती निमूटपणे बंद पडतात आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येतात. चौथे, जुन्या मुख्य सर्व्हरचे पुनरागमन. तो दुरुस्त झाला म्हणून तसाच जोडायचा नसतो; त्याच्याकडील नोंदी नव्या मुख्याशी जुळवून, आता राखीव म्हणून त्याला उभे करावे लागते. ते होईपर्यंत रुग्णालय राखीव सर्व्हरविना चालत असते. फेलओव्हर यशस्वी झाला म्हणून त्या रात्री निश्चिंत होऊ नये, हे आम्ही सर्वांना सांगतो.

या सर्व गोष्टी कागदावर लिहून पाठ होत नाहीत. त्या सरावानेच कळतात. म्हणून दर तीन महिन्यांनी, रविवारी पहाटे, वॉर्डांना आधी कळवून आम्ही मुख्य आणि राखीव सर्व्हरची अदलाबदल करतो आणि पुढील काही दिवस रुग्णालय दुसऱ्याच यंत्रावर चालवितो. त्या वेळी प्रत्येक वॉर्डात औषधांची छापील यादी आणि कोरे फॉर्म काढून ठेवलेले असतात. तिघांपैकी दोघांचे एकमत होऊ शकले नाही तर नोंदी घेणे थांबते, आणि त्या वेळी कागदच उपयोगी पडतो.

एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. राखीव सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर कोणी चुकून काही पुसले, तर ते पुसणेही राखीवाकडे तितक्याच वेगाने पोहोचते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेत राखीव प्रत दुरुस्त करण्याच्या गडबडीत मुख्य डेटाच पुसला गेला आणि सुमारे ६ तासांच्या नोंदी परत आल्या नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील बाह्यरुग्ण नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचे काम अनेक दिवस हाताने करावे लागले. अशा प्रसंगी तारेपासून अलग, आवाराबाहेर ठेवलेली रोजची प्रतच कामी येते. ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे आम्ही नियमाने उघडून पाहतो.

आता मूळ प्रश्नाकडे. साक्षीदाराचे यंत्र लहान आहे आणि त्याची किंमतही फार नाही. पोस्टग्रेस आणि पाट्रोनी यांना परवाना शुल्क पडत नाही. आपल्या देणगीचा भाग जातो तो वेगळ्या वाटेच्या तारांकडे, बॅटऱ्यांकडे, आवाराबाहेरच्या प्रतीकडे आणि रविवारी पहाटे हजर राहणाऱ्या माणसांकडे. या गोष्टींवर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पण दुसरा सर्व्हर आणि त्यामागील खर्च कामास येतो तो यांच्याच आधारावर.

रुग्णांच्या आप्तेष्टांना नम्र विनंती आहे की, काउंटरवर कधी ‘एक मिनिट थांबा’ असे म्हटले गेले, तर त्या मिनिटात तीन यंत्रे आपसात एकमत करीत असतील असे समजावे. तसेच रुग्णाला न सोसणाऱ्या औषधांची नावे आणि चालू गोळ्यांची यादी एका चिठ्ठीवर लिहून आपल्याजवळही ठेवावी. कोणत्याही यंत्रापेक्षा ती लवकर हाती येते.