करिंथची पंगत

मोहाचा विषय निघाला म्हणजे मनुष्याच्या डोळ्यांपुढें ठराविक चित्रें उभीं राहतात: मद्याचा पेला, परक्याचें धन, रूपाची भुरळ. ख्रिस्ती घरांतून मोहाच्या वेळीं आधारासाठीं जें वचन आठवलें जातें, त्याचा उगम मात्र वेगळ्याच ठिकाणीं आहे. ज्या पत्रांत तें आलें, त्या पत्रांत त्याच्या मागेंपुढें चर्चा चालली आहे ती जेवणाची. कोणीं काय खावें, कोणाच्या घरीं खावें, आणि कोणाला मागें ठेवून खाऊं नये, याची.

हें पत्र म्हणजे पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेलें पहिलें पत्र, आणि वचन त्याच्या दहाव्या अध्यायांतलें. करिंथ शहर रोमन सैन्यानें इ. स. पूर्व 146 मध्यें उद्ध्वस्त केलें होतें. जूलियस सीझरनें इ. स. पूर्व 44 मध्यें तेथें नवी वसाहत केली. दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीवर वसलेलें, दोन बंदरांचें, बाहेरून आलेल्या लोकांनीं भरलेलें असें तें गांव. जुन्या घराण्यांपेक्षां नव्या पैशाचा मान मोठा, आणि ज्याला त्याला वर चढण्याची घाई. मुंबईच्या रहिवाशाला अशा शहराचें वर्णन फार करून सांगावें लागत नाहीं. पौल तेथें सुमारें दीड वर्ष राहिला, अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरीं, त्यांच्याच तंबूच्या धंद्यांत हात घालून. त्या मुक्कामांत गल्लियो नांवाचा रोमन अधिकारी त्या प्रांतावर होता. डेल्फी येथील एका शिलालेखावरून तो काळ इ. स. 51 च्या आसपासचा ठरतो.

पौल इफिस येथें असतां ख्लोवे नांवाच्या बाईच्या माणसांनीं करिंथची वार्ता आणली. मंडळींत तट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, मोठा वक्ता. ज्यांना वक्तृत्वाची गोडी ते त्याच्याकडे ओढले गेले यांत नवल नाहीं. आणखी कांहींजण आपण केवळ ख्रिस्ताचे असें सांगत. या शेवटच्या पक्षाशीं बोलणें बहुधा सर्वांत अवघड गेलें असेल, कारण पक्ष नसल्याचा अभिमान हाच त्याचा पक्ष.

दुसरा तंटा मांसाचा. बाजारांतील पुष्कळसें मांस देवळांत बळी दिलेल्या पशूंचें असे. देवळांच्या आवारांत भोजनगृहें असत. करिंथ येथें अस्क्लेपियसच्या देवळापाशीं त्यांचे अवशेष सांपडले आहेत. तेथील आमंत्रण नाकारणें म्हणजे शहरांतील चार प्रतिष्ठितांशीं संबंध तोडणें. मंडळींतील जाणत्या लोकांनीं यावर सोपा तोडगा काढला होता: मूर्ति ही मुळीं कांहींच नव्हे, मग तिच्यापुढें ठेविलेल्या मांसाला कसला विटाळ? पौल हें मत खोडून काढीत नाहीं. मत बरोबर आहे असेंच तो धरून चालतो. पण काल-परवां देऊळ सोडून आलेला एखादा भाऊ तें पाहून गोंधळेल आणि पुन्हां मागें ओढला जाईल, तर त्या जाणतेपणाची किंमत दुसऱ्यानें भरली असें होतें. आपलें म्हणणें खरें आहे एवढ्यावर मनुष्य किती गोष्टी स्वतःला माफ करून घेतो, हें सुशिक्षित कुटुंबांत विशेष दिसतें.

अशा विवेचनाच्या मध्यावर तें प्रसिद्ध वचन येतें. माणसांवर येते तीच परीक्षा तुमच्यावर आली आहे, देव ती शक्तीबाहेर जाऊं देणार नाहीं, आणि तिच्यांतून निघण्याची वाटही करून देईल, असा त्याचा आशय. मूळ ग्रीक शब्द परीक्षा आणि मोह या दोहोंनाही लागतो. मराठी वाचकाची येथें एक अडचण आहे. मराठींतील ‘तुम्ही’ एका वडिलधाऱ्यालाही चालतो आणि शंभर माणसांनाही. म्हणून रात्रीं एकटा वाचणारा तो शब्द सहज स्वतःकडे घेतो. ग्रीक भाषेंत तेथें स्पष्ट अनेकवचन आहे. वचन मंडळीला उद्देशून आहे. दारू सोडलेला मनुष्य लग्नघरीं आग्रहाच्या कचाट्यांत सांपडतो, तेव्हां त्याची सुटकेची वाट बहुतेक यजमानाच्या हातांत असते. यजमानाला हें ठाऊक नसतें, किंवा ठाऊक असून आग्रहाची हौस आवरत नाहीं.

पुढच्याच अध्यायांत पौल प्रभुभोजनाकडे वळतो. त्या वेळीं हें भोजन खरेंखुरें जेवण होतें, आणि तें ऐपतदार मनुष्याच्या घरीं होई. रोमन घराच्या भोजनदालनांत रीतीप्रमाणें नऊ माणसें मावत. उरलेल्यांना बाहेरच्या चौकांत बसावें लागत असावें, असा विद्वानांचा तर्क आहे. दास आणि मजूर काम आटोपून उशिरां येणार. तोंवर आंतल्यांचें उरकलेलें. एक उपाशी, दुसरा नशेंत. याला मराठींत नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. पौलाचा उपाय दोन शब्दांत सांगण्याजोगा आहे: एकमेकांसाठीं थांबावें.

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न परका नव्हता. रेव्हरंड टिळकांनीं 1895 मध्यें बाप्तिस्मा घेतल्यावर कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, तरी आरंभीं त्यांनीं आपलें अन्नपाणी वेगळें ठेविलें होतें. सोंवळें सुटलें तें त्यांच्या स्वतःच्या विचारानें, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्यें. पंथांची गोष्ट निराळी. अहमदनगर, आजचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतें. पुढें त्याच जिल्ह्यांत अँग्लिकन मिशन आलें. मग ‘मी पौलाचा’ याच्या जागीं मनुष्य अमुक मिशनचा झाला, तेंही बहुधा त्याच्या गांवांत कोणतें मिशन आधीं पोहोंचलें यावरून.

सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली ती नागपुरांत, 29 नोव्हेंबर 1970 रोजीं. तिच्या वाटाघाटी 1929 मध्यें सुरू झाल्या होत्या. बिशप असावे कीं नसावे, बाप्तिस्मा बालकाला कीं समजत्याला, यावर वर्षें गेलीं. अखेर बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ठेवण्यांत आल्या. दक्षिण आशियांतील मेथॉडिस्ट मंडळी, बोलणीं बहुतेक पुरीं होत आलीं असतां, बाहेर राहिली. हें सर्व ठरावांनीं होऊं शकलें. विवाह जुळवितांना पूर्वजांची जात हळूच विचारणारीं ख्रिस्ती घरें मात्र आजही आहेत, आणि त्यांना कोणताही ठराव लागू होत नाहीं.

करिंथमध्येंही एका पत्रानें काम झालें नाहीं. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीकडून करिंथला पुन्हां एक लांबलचक पत्र गेलें. परंपरा तें क्लेमेंटचें मानते. या वेळीं तेथल्यांनीं आपल्या वडिलांनाच अधिकारावरून दूर केलें होतें. पौलाचें तें जुनें पत्र पुन्हां हातीं घ्यावें, असें त्यांत करिंथकरांस सांगितलें आहे.