शाळेचा कारभार आणि बोलका कारकून



शाळेचा कारभार दोन ठिकाणी चालतो. एक वर्गात आणि दुसरा कपाटात. वर्गात मुले असतात. कपाटात जनरल रजिस्टर, हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, आवक-जावक, कीर्द आणि दाखल्यांची पुस्तके असतात. शहरातल्या मोठ्या शाळेत कपाट सांभाळायला लिपिक असतो. खेड्यातल्या दोन शिक्षकांच्या शाळेत मात्र वर्ग आणि कपाट या दोहोंचा धनी एकच. तो कपाटाकडे वळला की वर्ग उघडा पडतो. मुले पाढे म्हणत बसतात आणि गुरुजी तक्ता भरीत बसतात. आजच्या बोलण्याचा विषय या उघड्या पडणाऱ्या वर्गाचा आहे. यंत्राची गोष्ट त्याच्या ओघाने येईल.

अलीकडे ज्याला चॅटबॉट म्हणतात ते यंत्र पुष्कळ गुरुजींच्या मोबाइलात आले आहे. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, आणि त्यामागून त्याच जातीची आणखी यंत्रे आली. आपण मराठीत लिहावे अगर नुसते बोलावे, आणि त्याने मराठीत उत्तर द्यावे, अशी ही सोय आहे. आपण याला बोलका कारकून म्हणू.

येथे एक घोटाळा आधी दूर केला पाहिजे. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ‘बॉट’ हा शब्द नवा नाही. 1 डिसेंबर 2023 पासून शिक्षण विभागाने विद्या समीक्षा केंद्रामार्फत स्विफ्टचॅट या ॲपवर मुलांची हजेरी नोंदविण्याची पद्धत सुरू केली, तिलाही बॉटच म्हणतात. पण तो बॉट ठरलेले प्रश्न विचारतो आणि आपले उत्तर वर पाठवितो. तो पत्र रचीत नाही. आपला बोलका कारकून सांगाल ते रचून देतो. पहिल्याला भरलेला फॉर्म हवा असतो, तर दुसरा कोरा कागद भरून देतो. दोघांचे नाव एक असले तरी धंदा वेगळा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

कोरा कागद म्हटला की बाळाजी आवजींची आख्यायिका आठवते. शिवछत्रपतींचे हे चिटणीस. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहून आणावयास सांगितले होते, ते लिहावयाचे राहून गेले. महाराजांनी ‘वाचा’ म्हणताच बाळाजींनी कोरा कागद हाती धरला आणि सगळे पत्र न अडखळता वाचून दाखविले. खरा प्रकार कळल्यावर महाराजांनी त्यांचे कौतुकच केले, असे सांगतात. आपला बोलका कारकूनही असाच कोऱ्या कागदावरून धडाधड वाचतो. फरक एवढाच की बाळाजींच्या डोक्यात राज्याचा सगळा कारभार होता. म्हणून त्यांनी जे वाचले ते खरे होते. या यंत्राने अफाट मजकूर पचविला आहे आणि एका शब्दामागून कोणता शब्द शोभेल हे ते अचूक हेरते. पण तुमच्या शाळेचे छप्पर गळते की नाही, हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक नसले तरी ते अडखळत नाही. यंत्राचा गुण हा आणि धोकाही हाच.

आता प्रत्यक्ष उपयोग पाहू. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातले निमगाव सावा घ्या. तालुक्याच्या पूर्वेकडचा हा भाग, जवळपास उसाचे फड, आणि साऱ्या जुन्नर तालुक्यात बिबट्याचा वावर. समजा, अशा भागातल्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेच्या वाटेवर बिबट्या दिसला. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी वनखात्याला पत्र द्यावयाचे आहे आणि समोर चार इयत्तांची मुले बसली आहेत. अशा वेळी यंत्राला ‘बिबट्याबद्दल पत्र लिही’ एवढेच सांगू नये. असे सांगावे:

‘मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. शाळेच्या वाटेवर उसाच्या फडालगत दोन दिवस बिबट्या दिसला. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र द्यावयाचे आहे. मागण्या तीनच. शाळा भरताना व सुटताना गस्त असावी, जागेची पाहणी करून पिंजऱ्याबाबत ठरवावे, आणि मुलांना सावधगिरी समजावण्यासाठी शाळेत माणूस पाठवावा. पत्र दहा ओळींचे असावे. मी न सांगितलेली कोणतीही गोष्ट त्यात घालू नये. जे ठाऊक नाही तेथे जागा मोकळी सोडावी.’

शेवटची दोन वाक्ये सर्वांत मोलाची आहेत. ती विसरलात तर यंत्र आपल्या पदरचा बिबट्या घालील! पिल्लांसह मादी दिसली, गेल्या महिन्यात एक मूल जखमी झाले, असे काहीबाही लिहून मोकळे होईल. आणि खाली सही तुमची असेल.

गावाचे नावही पुरते सांगावे. एकट्या पुणे जिल्ह्यात निमगावे किती! खेड तालुक्यात खंडोबाचे निमगाव, शिरूर तालुक्यात निमगाव म्हाळुंगी, इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी. ‘निमगावच्या शाळेचा परिचय लिहून दे’ म्हणाल, तर यंत्र खंडोबाचे देऊळ उचलून जुन्नर तालुक्यात आणून ठेवायला कमी करणार नाही. भाषा इतकी सफाईदार असेल की परगावच्या साहेबांना शंका येणार नाही. ती येईल फक्त गावच्या माणसाला. म्हणून मसुदा कोणीही रचो, तपासणारा माणूस गावचाच हवा.

मग या कारकुनाला कोणती कामे द्यावीत? पत्राचा मसुदा, सभेची सूचना, पालकांना निवेदन, स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका, लांबलचक परिपत्रकाचा थोडक्यात गोषवारा, रजेवरच्या शिक्षकाच्या तासिकांची मांडणी, ही कामे ते बरी करते. सोप्या मराठीत लिहिलेले निवेदन वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबासाठी हिंदीतही करून देते. शाळा विकास आराखडा लिहिताना ‘मी कोणते मुद्दे विसरलो?’ असे विचारावे, म्हणजे उतार, रॅम्प, पिण्याचे पाणी, मुलींचे स्वच्छतागृह अशी यादी पुढे येते. त्यातले आपल्या शाळेला लागू असेल ते घ्यावे, बाकीचे सोडून द्यावे.

मराठी मात्र तपासून घ्यावी लागते. इंग्रजीच्या मानाने मराठीचा मजकूर या यंत्रांच्या वाट्याला कमी आला आहे, त्यामुळे मधूनच हिंदीचा वास येतो. मुख्याध्यापकाचा ‘प्रधानाध्यापक’ होतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांचा ‘खंड शिक्षा अधिकारी’ होतो, तालुक्याची ‘तहसील’ होते. हे शब्द गाळून आपले शब्द बसवावेत. पत्र वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे. त्यांना एका वाचनात कळले, तर ते मराठी झाले असे समजावे.

आता कोणती कामे देऊ नयेत ते सांगतो.

पहिले, हिशेब. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य धरतात. चौथीपर्यंतच्या शाळेत 62 मुले जेवली, तर दिवसाला 6 किलो 200 ग्रॅम, आणि 24 दिवसांना 148 किलो 800 ग्रॅम. हे पाटीवर मांडता येते. यंत्र मुळात भाषेचे आहे, आकड्यांत ते कधी बरोबर येते आणि कधी घसरते. आणि घसरले तरी तितक्याच ठामपणे सांगते. शिवाय रोज 62च मुले जेवली की कधी 55 जेवली, हे हजेरीपटच सांगणार. तक्ता कसा आखावा हे यंत्राला खुशाल विचारावे. त्यात काय भरावे हे विचारू नये.

दुसरे, शासन निर्णयांचे क्रमांक. ‘या विषयावरचा शासन निर्णय सांग’ म्हटले की यंत्र क्रमांक आणि तारीख सांगून टाकते, आणि कधी कधी तसा निर्णय अस्तित्वातच नसतो. महाराष्ट्र शासनाचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर असतात आणि प्रत्येकाला संकेतांक असतो. त्या संकेतांकाच्या आरंभी वर्ष, महिना आणि दिवस ओळीने येतात. मूळ निर्णय उघडून डोळ्यांनी वाचल्याखेरीज पत्रात संदर्भ म्हणून कोणताही क्रमांक लिहू नये.

तिसरे, मुलांची नावे. मुलाचे नाव, आधारचे 12 आकडे, जात, आजार, घरची अडचण, यांतले काहीही यंत्राच्या हवाली करू नये. जे आपण तेथे लिहितो ते आपल्या कपाटात राहत नाही, दूरच्या कंपनीच्या संगणकावर जाते. 2023 साली देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात 18 वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले असून त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते असे तत्त्व घातले आहे. पण कायदा नसता तरी गोष्ट साधी आहे. आईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुरुजी चावडीवर सांगत नाहीत. मग परक्याच्या यंत्रात का सांगावी? ‘तिसरीतील एक विद्यार्थिनी’ एवढे लिहिले तरी मसुदा तयार होतो. नाव मागाहून आपल्या हाताने घालावे. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या बाबतीत तर यंत्राला जवळसुद्धा येऊ देऊ नये. त्यावरची जन्मतारीख माणसाला जन्मभर पुरते. ती जनरल रजिस्टरवरूनच उतरली पाहिजे.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. ती म्हणजे सभेचे इतिवृत्त. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा म्हणतो. समजा, सभेत एक आई उभी राहिली आणि म्हणाली, “मुलींच्या संडासात पाणी नाही, म्हणून माझी लेक दुपारनंतर शाळेत थांबत नाही.” मुख्याध्यापकांनी चार शब्द टिपून यंत्राला दिले. यंत्र काय लिहील? ‘शाळेतील भौतिक सुविधांबाबत सविस्तर चर्चा होऊन आवश्यक कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले.’ वाक्य कसे गुळगुळीत झाले पहा! व्याकरण निर्दोष आहे, साहेब खूश होतील. पण त्यातून ती आई गेली, तिची लेक गेली आणि पाणीही गेले. पुढच्या सभेत ती बाई विचारील, ‘माझ्या बोलण्याचे काय झाले?’ तेव्हा वहीत दाखवायला काही उरणार नाही. म्हणून इतिवृत्त आधी आपल्या हाताने, बोलले तसे टिपावे. शुद्धलेखनासाठी यंत्राकडे द्यायचे तर द्यावे, पण कोण काय म्हणाले, काय ठरले, कोणी करावयाचे आणि कधीपर्यंत, या चार गोष्टी पुसल्या गेल्या नाहीत हे पाहून मगच सभेत वाचून दाखवावे. सभा होण्याआधीच इतिवृत्त तयार ठेवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. तसे मोह यंत्रापूर्वीही होते. यंत्राने ते फार सोपे केले आहेत.

काही जण विचारतील, एवढे तपासायचे तर वेळ वाचला कुठे? रास्त प्रश्न आहे. कोरा कागद समोर ठेवून पत्र रचायला जो वेळ लागतो, त्यापेक्षा रचलेले पत्र तपासायला कमी लागतो. पण तो वेळ जातो कुठे, हे पाहिले पाहिजे. येथे वरिष्ठ अधिकाऱ्यांना विनंती आहे. अहवाल यंत्रामुळे लवकर होतो, म्हणून एकाऐवजी तीन अहवाल मागवू नयेत. शाळेने यंत्राकडून अहवाल लिहून घ्यावा आणि कचेरीने यंत्राकडून त्याचा गोषवारा काढून घ्यावा, असे झाले तर तो अहवाल कोणीच लिहिला नाही आणि कोणीच वाचला नाही, एवढाच त्याचा अर्थ. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये, असे त्याच शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम सांगते. वर्गातला वेळ राखण्याची जी दृष्टी त्या कलमात आहे, तिचीच आठवण येथेही ठेवावी.

मुख्याध्यापकपण म्हणजे कागद पुरे करणे नव्हे. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेले मूल शाळेत बसले का, चार दिवस न आलेल्या मुलीच्या घरी काय झाले, नव्या बाईंना पहिलीचा वर्ग झेपतो का, हे पाहणे म्हणजे मुख्याध्यापकपण. गैरहजेरीचे पत्र यंत्र सुरेख लिहील. पण पालकाच्या अंगणात जाऊन ‘काय हो, पोर का दिसत नाही?’ असे विचारायला माणूसच लागतो. यंत्राने वाचविलेली अर्धी घटका त्या अंगणात खर्च झाली, तर यंत्र सार्थकी लागले म्हणावे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या बोलक्या कारकुनाला भिऊ नका आणि त्याच्या आहारीही जाऊ नका. नव्या उमेदवाराला हाताखाली घेतो तसे त्याला वागवा. पहिल्या आठवड्यात एकच काम द्या, सभेची सूचना म्हणा की पालकांना पत्र म्हणा. मसुदा घ्या, तपासा, आपल्या शब्दांत उतरवा आणि मग सही करा. पालकांनीही सभेला जावे आणि इतिवृत्त वाचून दाखवा म्हणून आग्रह धरावा. कागद कोणी रचला हे कोणी विचारणार नाही. त्याखाली सही कोणाची, हे मात्र सगळे विचारतील.