शिकलेल्याने एकाला शिकवावे



प्रगतिपुस्तकावर आजही काही मातांचा अंगठा असतो. “या वयात काय शिकणार?” असे त्या म्हणतात. त्यांच्यासाठी फिलिपाइन्समधील एक हकीकत सांगतो.

तेथील मिंदानाव बेटावर लानाव भागात मारानाव मुसलमान राहतात. १९३० मध्ये फ्रँक लॉबाक या अमेरिकन पाद्र्याने त्यांच्यात प्रौढांचे साक्षरता वर्ग काढले. धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो झाकण्याचे कारण नाही. परंतु मारानाव मुसलमानच राहिले आणि अक्षरे मात्र त्यांनी घेतली. धडे इंग्रजीत नव्हते, त्यांच्याच बोलीत होते. तीनच शब्दांत त्या बोलीची सारी व्यंजने बसवली होती. त्यांतला एक ‘करतासा’, म्हणजे कागद. अरबी ‘किर्तास’चाच हा भाऊ! ओळखीच्या शब्दातून अक्षर, अक्षरातून नवा शब्द, अशी ती रीत.

पुढे जागतिक मंदीत मिशनचा पैसा आटला. शिक्षकांना पगार कोठून द्यावा? तेव्हा एका मारानाव सरदाराने बजावले, शिकलेल्या प्रत्येकाने दुसऱ्याला शिकवावे, नाहीतर जीव घेईन! (आपली संस्था इतकी कडक नाही.) वर्ग चालू राहिले.

आपल्या ज्या माता कुराण शरीफ वाचतात, त्यांना अक्षरे जुळवणे येतेच. मग मराठीला का बिचकावे? नववी-दहावीच्या मुलामुलींनो, रोज अर्धा तास घरी द्या. सुरुवात आईच्या नावापासून करा. पाटी-पेन्सिल आम्ही शाळेतून देऊ.