'क्रॉसरोड्स' : एका गिटारवाल्याचं सर्व्हिस बुक
(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी केलेलं भाषण)

गणपतीसमोर नाट्यसंगीतावर, भावगीतांवर बोलायची आपल्याकडे रीत आहे. तिथे विलायती गिटारवर बोलायला मला उभं केलंत, याबद्दल आधी आभार. मी संगीतातला जाणकार नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या सिंचन खात्यातला नोकर माणूस आहे.

डिप्लोमाला हॉस्टेलवर असताना माझ्या मित्राकडे एरिक क्लॅप्टनचा 'क्रॉसरोड्स' हा संच होता. १९८८ साली निघालेला. चार सीडी, ७३ गाणी. सुरुवात १९६३ची, तेव्हा हा इंग्लंडमधला अठरा वर्षांचा पोरगा. शेवट १९८७चा. संच बाजारात आला तेव्हा क्लॅप्टन ४३ वर्षांचा होता. आज मीही त्याच वयाच्या आसपास आहे, म्हणून तो पुन्हा काढून ऐकला.

नाव कुठून आलं? मिसिसिपीचा कृष्णवर्णीय गायक रॉबर्ट जॉन्सन. त्याने १९३६ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला हे गाणं रेकॉर्ड केलं आणि दोन वर्षांनी, अवघ्या २७व्या वर्षी तो गेला. १९६८ साली 'क्रीम' या आपल्या तिघांच्या बँडबरोबर क्लॅप्टनने ते सॅन फ्रान्सिस्कोत वाजवलं. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना गवई कानाची पाळी धरतात. इथे साऱ्या संचालाच त्या पूर्वसुरीच्या गाण्याचं नाव दिलंय.

पण मला जास्त भावलं ते वेगळंच. आमच्या खात्यात प्रत्येकाचं सर्व्हिस बुक असतं. त्यात बढती लिहितात, तशी शिक्षाही लिहितात. हा संच तसाच आहे. 'फॉर युअर लव्ह' हे गाणं बाजारू वाटलं म्हणून क्लॅप्टनने १९६५ साली 'यार्डबर्ड्स' सोडला, आणि तेच गाणं यात आहे. निजामीच्या लैला-मजनूवरून नाव घेतलेलं १९७०चं 'लैला' आहे. तो बँड पुढे मोडला, त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या दुसऱ्या अल्बममधली गाणीही आहेत. 'आफ्टर मिडनाइट' तर दोनदा आहे. एकदा १९७०चं, आणि अगदी शेवटी १९८७चं, बिअरच्या जाहिरातीसाठी नव्याने गायलेलं. ती जाहिरात टीव्हीवर लागली तेव्हा क्लॅप्टन मिनेसोटात दारू सोडण्यासाठी उपचार घेत होता! पुढे १९९८ साली त्याने अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र काढलं. त्याचंही नाव क्रॉसरोड्सच. त्यासाठी पुढच्या वर्षी स्वतःच्या गिटारी लिलावात काढल्या.

आता घरची गोष्ट. माझे बाबा याच मंडळात भजनाला पेटी वाजवायचे. ते गेल्यावर त्यांच्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवल्या. चांगल्या तेवढ्या ठेवल्या. शेवटच्या दोन वर्षांत हात थरथरायचा, सूर चुकायचे, मध्येच थांबून "परत घेऊ" म्हणायचे. त्या कॅसेट मी टाकून दिल्या. लोकांनी त्यांचं उत्तमच ऐकावं, असं वाटलं. आज माझ्याकडे त्यांची पेटी आहे, पण "परत घेऊ" म्हणणारा आवाज नाही. आई तोच विचारते. आईला मी काय सांगू?

म्हणून एक विनंती. मंडळाचे जुने कार्यक्रम तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कॅसेटवर असतील. कोणाचा सूर लागला नाही, कोणी ओळ विसरलं, म्हणून त्या टाकू नका. घेऊन या. उतरवून देण्याचं काम मी करतो, रविवारी मोकळाच असतो. कॅसेटवर साल आणि नाव तेवढं लिहून आणा.

गणपती बाप्पा मोरया!